नऊ घरांच्या कोंबड्या

ठकूबाईनं मेलेली कोंबडी झुंबरच्या पायाशी टाकली.

"ही घे. तुझ्या औषधाची."

कोंबडीची मान पाठीकडं पिरगळली होती आणि शेपटीखाली हिरवट घाण लागली होती. झुंबर खाली बसली. तिनं कोंबडीचा डोळा उघडून बघितला, बोटानं चोच फाकवली. तेवढ्यात ठाकरवाडीतली बरीच माणसं अंगणाभोवती गोळा झाली.

"मानमोडीच आहे," झुंबर म्हणाली.

"मानमोडी आमालाबी कळती. ती येऊ नये म्हणून तर तू डोळ्यात थेंब टाकलंस ना? मी नको म्हणत व्हते. गेल्या साली औषध नव्हतं तवा दोन मेल्या. औंदा औषध टाकलं, तर खुराडंच रिकामं."

"माझ्यापण सगळ्या मेल्या, आजी."

"तुझ्या मेल्या त्या तुझ्या. आमच्या का मारल्यास?"

मी झुंबरच्या मागं दोन पावलांवर उभी होते. लस टोचण्याचं, म्हणजे खरं तर डोळ्यात थेंब टाकण्याचं काम मंडळानं आम्हा दोघींना मिळून दिलेलं होतं. पण माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. मला त्याचं बरं वाटलं होतं, हे आज चोवीस वर्षांनी कबूल करते.

तेव्हा मी अकरावीत होते. आमच्या वाघदऱ्यात एका सामाजिक संस्थेच्या शालनताईंनी युवा मंडळ सुरू केलं होतं. दर गुरुवारी शाळेच्या ओट्यावर आम्ही पंधरा-सोळा जण जमायचो. भाषणं नाहीत, पुस्तकं नाहीत. प्रत्येकानं वर्षभर एक काम हातात घ्यायचं आणि तडीला न्यायचं. कुणी आंब्याची कलमं बांधत होतं, कुणी बिनधुराच्या चुली घालून देत होतं. शालनताईंचा एकच नियम होता : "आधी हात घाण करा, मग तोंड उघडा."

झुंबर मेंगाळ ही ओढ्यापलीकडच्या ठाकरवाडीतली. सातवीनंतर शाळा सुटलेली, पण कोंबडी धरावी तर तिनंच. एका हातात पाय, काखेत पंख, आणि कोंबडी काही कळायच्या आत गप्प. मला कोंबड्यांची भीतीच वाटायची. आमच्या घरी सगळे माळकरी. अंगणात कोंबडीचं पीससुद्धा आलं तर आई झाडून बाहेर टाकायची. पण मला तालुक्याला कॉलेजात जावं लागायचं, म्हणून तिथल्या जनावरांच्या दवाखान्यातून लस आणायचं काम माझ्याकडं आलं. शिवाय गावात तेव्हा फ्रीज होते तीन, त्यातला एक आमचा. वडिलांची पिठाची गिरणी होती.

पहिल्या गुरुवारी गावठाणातल्या कोंबड्या झाल्या. दवाखान्यातून बर्फात आणलेल्या बाटल्या तशाच वापरल्या. ठाकरवाडीत लग्न होतं, म्हणून तिथलं काम पुढं ढकललं आणि उरलेल्या पाच बाटल्या आमच्या फ्रीजमध्ये राहिल्या. नऊ दिवसांनी झुंबर त्या थर्मासात घालून घेऊन गेली. माझी चाचणी होती, मी गेले नाही. तिनं एकटीनं आपल्या आणि इतर नऊ घरांतल्या सगळ्या कोंबड्यांना थेंब टाकले.

महिन्याभरात मानमोडी आली. गावठाणात चार-दोन कोंबड्या आजारल्या, बाकी सगळ्या शाबूत. ओढ्यापलीकडं नऊ घरांत मिळून सहा कोंबड्या उरल्या.

त्या दिवशी झुंबर मला ओढ्यापर्यंत सोडायला आली. ओढ्यापाशी मी विचारलं, "तू बर्फ नीट घातला होतास ना?"

ती थांबली. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तूच भरून दिला व्हतास."

ते खरं होतं. पण माझ्या मनात शंका येऊन बसली होती, आणि ती खऱ्या उत्तरानं जाणारी नव्हती.

मंडळाचा अध्यक्ष बबन. वयानं आमच्याहून मोठा, बोलण्यात पटाईत. त्यानं मला गिरणीपाशी गाठलं.

"औषध तेच, कंपनी तीच. मग गावातल्या वाचल्या आणि तिकडच्या का मेल्या? मधे काय बदललं?"

"काय?"

"माणूस बदललं. उज्ज्वला, तू जबाबदार आहेस. जरा चौकशी कर."

मी चौकशी केली. आज आठवलं की अंगावर काटा येतो, पण मी ती अगदी मन लावून केली. थर्मास परत आला होता, त्याचं बूच काढून हुंगलं. चहाचा वास! म्हणजे हिनं थर्मासात चहा भरला होता. ठाकरवाडीतल्या एका पोरीला लिमलेटची गोळी देऊन विचारलं, त्या दिवशी झुंबरताई काय करत होती? ती म्हणाली, "दुपारी जांभळीखाली बसली व्हती लई वेळ." म्हणजे लस कालवून ठेवून ही बसली. लसीची पूड द्रावात कालवली की दोन तासांत संपवायची असते, हे आम्हाला पाठ होतं. मग मी रिकाम्या बाटल्या बघितल्या. पाच दिल्या होत्या, परत आल्या चार.

प्रत्येक गोष्ट सापडली की मला जरा हलकं वाटायचं. वहीत लिहून ठेवायचे. बबनला सांगितलं तर तो म्हणाला, "पाचवी कुठंतरी विकली असेल. पलीकडच्या वाडीत पाहुणे आहेत तिचे." मी 'नाही' म्हणाले नाही.

शालनताईंनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा कसनुसा झाला. म्हणाल्या, "गुरुवारी बैठकीत बोलू. पण त्याआधी तू तिला तोंडावर विचार. मागून बोललेलं मला चालत नाही." शिवाय त्यांनी दवाखान्यातून नव्या बाटल्या आणून आमच्या फ्रीजमध्ये ठेवायला दिल्या. ठाकरवाडीत उरलेल्या कोंबड्यांना आणि खुडूक बसलेल्या कोंबडीच्या नव्या पिल्लांना पुन्हा थेंब टाकायचे होते. ते काम झुंबरला द्यायचं की नाही, ते गुरुवारी ठरणार होतं. बबनच्या मते तिला मंडळातूनच काढायला हवं होतं.

मंगळवारी मी झुंबरकडं गेले. ती अंगण सारवत होती. शेणाचे हात तसेच ठेवून ती उभी राहिली.

"थर्मासात चहा होता का?" मी विचारलं.

"व्हता. आदल्या महिन्यात. शालनताईंनीच शिबिराला नेला व्हता थर्मास. त्यांना विचार."

"दुपारी तू जांभळीखाली बसली होतीस."

"बसले व्हते. तिथंच औषध कालवत व्हते, सावली व्हती म्हणून. एक बाटली कालवायची, दोन-तीन घरं करायची, परत यायचं. तुला काय वाटलं, झोपले व्हते?"

"आणि पाचवी बाटली?"

 ती आत जाऊन कापडात बांधलेल्या काचा घेऊन आली. "फुटली. हातातून पडली ओढ्यात. चारांत भागलं म्हणून सांगितलं न्हाई."

"का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर फुटली असं कोण म्हणालं असतं? विकली म्हणाले असते."

 ते शब्द मी कुणाच्या तरी तोंडून चार दिवसांपूर्वी ऐकलेच होते.

"आता मी विचारू?" झुंबर म्हणाली. "नऊ दिवस बाटल्या कुठं व्हत्या?"

"आमच्या फ्रीजमध्ये."

"तू बघितल्यास?"

"रोज संध्याकाळी कॉलेजातून आले की बघत होते. वीजही गेली नव्हती."

"अन् दिवसा?"

"दिवसा काय?"

"दिवसा कोण बघत व्हतं?"

माझं डोकं भडकलं. "तू आमच्या घरावर संशय घेतेस?"

"तू चार दिवस माझ्यावर घेतलास. वास घेतलास, पोरीला गोळी दिलीस. मी एक सवाल विचारला तर एवढं लागलं?"

मी तडक निघाले. वाटेत ठरवलं, गुरुवारी सगळं सांगायचं, या उद्धटपणासकट. पण रात्री जेवताना आई ताटात दही वाढत होती आणि माझी नजर तिच्या हातावर गेली. दिवसभर घरात एकटी आईच असते. मी तो विचार झटकला. तो पुन्हा आला. आपल्याच आईकडं असं बघावं लागतं, याची मला लाज वाटली. आणि लाज वाटूनही मी बघतच राहिले.

बुधवारी मी पाचच्या एस.टी.ऐवजी बाराच्या एस.टी.नं परत आले. आई परसात पापड वाळत घालत होती. तिला कळू न देता मी आत शिरले, फ्रीज उघडला. दुधाचं पातेलं, दह्याची वाटी, कोथिंबीर. बाटल्यांचा डबा नव्हता.

तो मला शोधावा लागला नाही. माठाखाली ओल्या पोत्यावर, भिंतीच्या कडेला, व्यवस्थित झाकून ठेवलेला होता. वर ओलं फडकंसुद्धा घातलं होतं.

"आज लवकर कशी?" आई दारात उभी होती. माझ्या हातातला डबा तिनं बघितला.

"हा बाहेर कसा?"

"असू दे. चारला ठेवते परत."

"रोज काढतेस?"

आईला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. ती पदराला हात पुसत म्हणाली, "सकाळी दहाला काढते. दिवसा त्यात देवाचं दूध असतं. नैवेद्य झाला, विरजण लावलं, की ठेवते आत. तू यायच्या आधी."

"पण का, आई?"

"का म्हणजे? तूच सांगितलंस ना, हे अंड्यात तयार करतात म्हणून? तेव्हापासून मला घास जाईना. तुझे वडील 'ठेव' म्हणाले, मी नाही कशी म्हणू? म्हणून मधला मार्ग काढला."

अंड्याचं मीच सांगितलं होतं. लसीचं शिकवणाऱ्या शिबिरातून आले तेव्हा जेवताना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

"मागचे नऊ दिवसही असंच?"

"हो. पण गारच होतं की. हात लावून बघ."

मी हात लावला. डबा गार होता. माठ जसा गार असतो तसा. बाहेर चैत्राचं ऊन होतं, आणि त्या बाटल्यांना माठाचा गारवा पुरत नाही हे आईला कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही नाही. मी फक्त "आत ठेव, हात लावू नको" एवढंच म्हणाले होते. का, ते सांगायची मला गरज वाटली नव्हती.

मी खाली बसले. आईला सगळं सांगितलं. ऐकताना तिचा हात गळ्यातल्या माळेवर गेला आणि तिथंच राहिला.

"म्हणजे माझ्यामुळं मेल्या?"

मी हातातला डबा खाली ठेवला.

"आणि त्या पोरीला उद्या काढणार?"

"बहुतेक."

आई परसातल्या पापडांकडं वळली. मग हळूच म्हणाली, "उजे, तुझ्या मनाला येईल ते कर. पण माझं नाव चारचौघांत घेऊ नकोस. देवाधर्माचं करते म्हणून लोक आधीच हसतात."

गुरुवारी ओट्यावर सगळे जमले. झुंबर शेवटच्या पायरीवर बसली होती. बबननं घसा साफ केला. त्यानं तोंड उघडण्याआधी मीच उभी राहिले आणि म्हणाले, "बाटल्या आमच्या घरी रोज सहा तास फ्रीजबाहेर राहत होत्या. झुंबरनं थेंब टाकले तेव्हा लस मेलेलीच होती. चूक माझी आहे."

वाटलं होतं, आता काहीतरी कोसळेल. काहीच कोसळलं नाही. बबन म्हणाला, "अगं, होतं असं. तुला काय माहीत." शालनताई म्हणाल्या की चूक कबूल करायला धैर्य लागतं, सगळ्यांनी उज्ज्वलाकडून शिकावं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझी चूक माफ व्हायला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

झुंबरनं टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या थांबल्यावर तिनं विचारलं, "वस्तीत कोण सांगणार?"

"मी सांगते ना सगळ्यांना," शालनताई म्हणाल्या.

"तुम्ही न्हाई, ताई. घरोघर मी फिरले व्हते, 'टाका, टाका' म्हणत. आता उज्ज्वलानं फिरावं. माझं सोडून नऊ घरं हायेत."

रविवारी सकाळी मी ओढा ओलांडला. झुंबर बरोबर आली, पण प्रत्येक घरी अंगणाच्या बाहेरच उभी राहिली. पहिल्या घरी ठकूबाई. मी पाठ केलेलं बोलले : औषध आमच्या घरी बाहेर राहिलं, त्यामुळं खराब झालं, झुंबरची चूक नाही. ठकूबाईनं ऐकलं, मान हलवली आणि निवडायला घेतलेल्या नागलीकडं वळली. दुसऱ्या घरी तसंच. तिसऱ्या घरी एक बाई म्हणाली, "झुंबरीनं शिकवून आणली दिसती."  सहा घरं अशीच झाली.

सातव्या घरी दगडू नावाचा म्हातारा बांबूची पाटी विणत बसला होता. त्यानं हातातलं काम न थांबवता विचारलं, "कुणी ठिवलं बाहेर?"

"आमच्या घरी राहिलं."

"घरी म्हंजे कुणी? घराला हात असतात का?"

मी वळून झुंबरकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, ओढ्याकडं बघत होती.

"आईनं," मी म्हणाले.

म्हाताऱ्यानं पाटी खाली ठेवली. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडं नीट बघितलं. "का गं?"

मी सांगितलं. देवाचं दूध, अंडं, माठ, सगळं. तो हसेल असं वाटलं, पण तो हसला नाही. "आस्सं," एवढंच म्हणाला आणि आत तोंड करून बायकोला हाक मारली, "अगं, ऐक इकडं, झुंबरीचं काय नव्हतं." आठव्या आणि नवव्या घरीही मी तसंच सांगितलं.

घरी आले तेव्हा आई चुलीपुढं होती. माझं तोंड बघूनच तिला कळलं.

"नाव घेतलंस माझं?"

"घेतलं."

ती भाकरी थापत राहिली. मी शेजारी उभी. भाकरी तव्यावर गेली, उलटली, फुगली. मग तिनं विचारलं, "सगळ्या घरी?"

"नाही. शेवटच्या तीन घरी. आधीच्या सहांना नुसतं 'आमच्या घरी' म्हणाले."

"मग त्या सहा घरांना अजून ती पोरगीच वाटत असेल की."

मी फुगलेली भाकरी टोपलीत ठेवली.

"ते काय म्हणतील, घरच्या मोठ्या बाईनं पोरीच्या मागं लपावं?" असं म्हणून तिनं तवा उतरवला. तिचा आवाज चिडका होता, पण माझ्यावर चिडलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून आई निघाली.  ती जन्मात कधी ओढ्यापलीकडं गेली नव्हती. मी मागं मागं चालले. ठकूबाईच्या अंगणात ती उभी राहिली आणि तिला शब्दच सापडेनात. आत-बाहेर करणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. शेवटी ती म्हणाली, "बाटल्या मी काढल्या होत्या. ह्या पोरींना ठाऊक नव्हतं."

"तुमी?" ठकूबाई म्हणाली. "अन् तुमाला कुणी सांगितलं काढाया?"

"कुणी नाही."

ठकूबाई तिला वरपासून खालपर्यंत बघत राहिली. बस म्हणाली नाही, पाणीही विचारलं नाही. आईनंही त्याची वाट बघितली नाही. ती पुढच्या घरी गेली. दुसऱ्या घरी कुणी दारच उघडेना, तेव्हा कुठून तरी झुंबर आली आणि दारावर थाप मारून ओरडली, "मावशी, उघड. उज्ज्वलाची आई आल्याती." तिथून पुढं ती आमच्याबरोबर राहिली, अंगणाबाहेर नाही, आत. सहाव्या घरापर्यंत आईचं वाक्य न अडखळता येऊ लागलं होतं. परतताना ओढ्यात पाय धुताना ती मला म्हणाली, "त्या पोरीला सांग, भाषा जरा मवाळ ठेव म्हणावं." आणि थोडं थांबून, "नको. राहू दे तशीच."

त्यानंतर लस आमच्या घरी राहिली नाही. दवाखान्यातून आणायची, त्याच दिवशी वापरायची. दिवाळीनंतर ठाकरवाडीत पुन्हा कोंबड्या झाल्या होत्या. कुणी माहेरहून आणल्या, कुणी बाजारातून. आम्ही दोघी सकाळीच निघालो. तोवर मी कोंबडी धरायला शिकले होते. मी धरायची, झुंबर थेंब टाकायची. नऊपैकी पाच घरांनी आपल्या कोंबड्या दिल्या. चार घरांनी नाही दिल्या. खुराड्यापुढं माणसं उभी राहिली आणि "न्हाई" म्हणाली. चिडून नाही, साधंच म्हणाली.

चौथा नकार घेऊन बाहेर पडल्यावर मी झुंबरला म्हणाले, "परत जाऊन समजावू या का? आता तर सगळं खरं सांगितलंय."

तिनं थर्मासचं बूच घट्ट केलं.

"नको. बघू दे त्यांना यंदा. त्यांच्या जागी मी असते तर मीबी नसत्या दिल्या."

आणि ती पुढच्या घराकडं निघाली.